रुमाल टाकलेली जागा

१

रुमाल टाकून जागा धरणं ही सहादूशेठ गायख्यांच्या मते एक विद्या होती. निफाडच्या स्टँडवर गाडी वळत असतानाच तिच्याबरोबर चार पावलं पळायचं, उघडी खिडकी हेरायची आणि हातातला चौकड्यांचा रुमाल असा आत सोडायचा की तो सीटवर पसरून पडला पाहिजे. गोळा होऊन पडला तर लोक उचलून बाजूला ठेवतात. पसरून पडला तर कोणी बोट लावत नाही. मग दाराशी रेटारेटी करणाऱ्यांना खुशाल पुढं जाऊ द्यावं आणि आपण सावकाश, पान खात चढावं.

ही विद्या त्यांना दुकानानं नाही, आठवडे बाजारांनी शिकवली. आता त्यांचं निफाडात द्राक्षांच्या क्रेटचं आणि खोक्यांचं मोठं दुकान आहे, नाशिकला इंदिरानगरात बंगला आहे. पण लग्नानंतरची कितीतरी वर्षं ते आणि मैनाबाई प्लास्टिकच्या बादल्या घेऊन सायखेडा, विंचूर, लासलगाव असे बाजार करत एसटीनं हिंडले. माल टपावर. सहादूशेठ पुढं पळून रुमाल टाकायचे, मैनाबाई मागून उरलेलं गाठोडं घेऊन चढायच्या, रुमाल उचलून नवऱ्याच्या हातात द्यायच्या आणि बसायच्या. खिडकी मात्र सहादूशेठांची. दर थांब्याला मुंडकं बाहेर काढून, टपावरून कोणी आपल्या बादल्या उतरवत नाही ना, हे बघावं लागायचं.

त्या दिवसांतला पुंजाचा किस्सा ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. पुंजा चिवडेवाला. एकदा त्याच्याकडं रुमाल नव्हता म्हणून त्यानं डोक्याचा पटका सीटवर टाकला. गाडी भरली, कंडक्टरनं दार ओढलं, पुंजा खालीच राहिला. पटका एकटाच येवल्याला गेला. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं तो आणून दिला आणि सांगितलं, अहो, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण तुमच्या पटक्यावर कोणी बसलं नाही.

"म्हणजे बघा," सहादूशेठ चहाचा कप पुढं सरकवत म्हणायचे, "माणूस नसला तरी जागा त्याचीच."

लोक हसायचे. सहादूशेठही हसायचे.

२

मुलगा अश्विन सिंगापूरला नोकरीला लागला, तिथंच फ्लॅट घेतला आणि आईबापाला महिनाभर राहायला या म्हणून वर्षभर मागं लागला. शेवटी पुतण्या दीपकच्या ताब्यात दुकान देऊन दोघं गेले. अश्विन आणि सून स्नेहा सकाळीच कामाला जायची. मग दिवसभर या दोघांनी करायचं काय, तर बसमधून हिंडायचं. बिल्डिंगखालीच थांबा होता. दुमजली हिरव्या गाड्या, आत फ्रीजसारखा गारवा, कुठं कागदाचा कपटा नाही. कार्ड चढताना एकदा यंत्राला लावायचं आणि उतरताना एकदा. टुक्. कंडक्टर नाहीच.

"कंडक्टर नाही ती कसली गाडी," सहादूशेठ पहिल्या दिवशी म्हणाले. "कोण चढलं, कोण उतरायचं राहिलं, कुणाला कळायचं?"

"यंत्राला कळतं, अण्णा," अश्विन म्हणाला.

मैनाबाईंचे गुडघे दुखरे. जिना चढायला त्यांना वेळ लागायचा, म्हणून सहादूशेठ पुढं जाऊन वरच्या मजल्यावरची अगदी पुढची डावी सीट गाठायचे आणि खिडकीकडच्या जागेवर रुमाल पसरायचे. मागून पदर सावरत बाई यायच्या.

"बस. खिडकी तुझी," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "आता टपावर आपलं काही नाही."

"म्हातारपणी कशाला मेलं खिडकीचं कौतुक," असं म्हणून मैनाबाईंनी जो काचेला चेहरा लावला, तो शेवटच्या थांब्यापर्यंत काढला नाही. सहादूशेठांना त्या दिवशी गंमतही वाटली आणि थोडी चुटपुटही लागली. एवढीशी गोष्ट होती. निफाड-लासलगाव रस्त्यावर एखाद दिवस देता आली असती.

रुमालाचं ऐकून अश्विन लाजला. "अण्णा, इथं असलं कोणी करत नाही हो. लोक बघतात." पण त्याच रविवारी तो त्यांना एका मोठ्या खाण्याच्या बाजारात घेऊन गेला, तर तिथं रिकाम्या टेबलांवर हातपुसण्या कागदांच्या पुड्या ठेवलेल्या. माणूस नाही, नुसती पुडी. अश्विन म्हणाला, ती टेबलं धरलेली आहेत, लोक खायला आणायला गेलेत.

"मग आमच्या रुमालानं काय घोडं मारलं?" सहादूशेठ म्हणाले, आणि मैनाबाई एवढ्या हसल्या की स्नेहाला त्यांच्या पाठीवर थापटावं लागलं.

३

त्या दुपारी मैनाबाई गेल्या नाहीत. "आज तुम्हीच जा. डोकं जड झालंय, मी जरा पडते," म्हणाल्या. लिटल इंडियातून हिंग आणि ज्वारीचं पीठ आणायचं होतं. सहादूशेठ एकटे निघाले. गाडी आली, कार्ड लावलं, वर चढले, पुढची डावी सीट गाठली, खिडकीच्या जागेवर रुमाल पसरला आणि अलीकडं बसले. हात आपोआप चालला होता. दोन थांबे गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की मागून कोणी येणार नाही.

त्यांना आपलंच हसू आलं. रुमाल उचलावा म्हणून त्यांनी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. का, ते त्यांना सांगता येणार नाही. उचलायचं काम मैनाबाईंचं होतं, एवढंच त्या वेळी मनात आलं.

पुढं शाळा सुटलेली होती. पांढऱ्या गणवेशातली पोरं वर आली, सगळ्या सीट भरल्या. एक जाडजूड माणूस दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पुढपर्यंत आला. सहादूशेठ त्याला वाट द्यायला उठू लागले, तेवढ्यात त्याची नजर खिडकीच्या जागेवर गेली. तो किंचित वाकला. "सॉरी," असं म्हणाला आणि खाली निघून गेला.

सहादूशेठांकडं बघून तो म्हणाला असता तर गोष्ट वेगळी.

धंद्यातला माणूस समोरच्याची नजर ओळखतो. ती नजर रुमालावर नव्हती, रुमालाच्या हातभर वर होती. सहादूशेठांनी स्वतःला समजावलं की परका मुलुख आहे, परकी रीत आहे. एवढ्यात त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. गाडीतल्या गारव्यानं त्यांचा उजवा दंड थंडगार पडला होता. डावा नाही. डाव्या दंडाला ऊब होती, शेजारी माणूस बसल्यावर असते तशी.

त्यांनी डावीकडं बघितलं नाही. समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिले. थांब्याचं नाव पुकारल्याबरोबर उठले, जिना उतरले, कार्ड लावलं. टुक्. एकदाच. गाडी निघून गेल्यावर फुटपाथवर उभं राहून त्यांनी घाम पुसायला खिशात हात घातला, तेव्हा रुमाल वरच राहिल्याचं त्यांना कळलं.

४

घरी आले तर मैनाबाई सोफ्यावर बसलेल्या. केस विस्कटलेले, झोपेतून उठल्यासारख्या.

"मला सोडून कसे उतरलात हो?" त्या म्हणाल्या. आवाजात थोडं हसू होतं, थोडा रुसवा.

"तू घरी झोपली होतीस."

"असंल. पण ती फुलांच्या माळांची दुकानं, ते रंगीत देऊळ, सगळं नीट दिसलं मला. तुम्ही शेजारी बसून एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, राग आलाय. मग उठून चालायलाच लागलात. मी हाका मारल्या."

सहादूशेठांनी पिशवी ओट्यावर ठेवली. हा रस्ता दोघांनी दोनतीनदा पाहिला होता. दुपारच्या झोपेत पाहिलेलंच पुन्हा दिसतं. यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

"रुमाल कुठंय तुमचा?" बाईंनी विचारलं.

"राहिला गाडीत."

मैनाबाईंनी मान हलवली. "मग बराबर हाय," म्हणाल्या, आणि तोंड खिडकीकडं केलं.

५

जेवताना ते पहिल्यांदा दिसलं. मैनाबाईंनी घास उचलला आणि त्यांचं सगळं अंग हळूच उजवीकडं कललं. घास तसाच हातात. दुसऱ्या हातानं त्यांनी टेबलाची कड धरली. मग सरळ झाल्या, घास खाल्ला. थोड्या वेळानं अंगाला पुढं एक हलकासा हिसका बसला आणि पाठ पुन्हा खुर्चीला टेकली.

"आई, चक्कर येते का?" स्नेहानं विचारलं.

"नाय गं. ब्रेक मारला."

अश्विननं डॉक्टर गाठला. डॉक्टरनं कान तपासले, तोल कानात असतो म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. सहादूशेठांनी गोळ्यांवर विश्वास ठेवायचा खूप प्रयत्न केला. पण ज्याचा निम्मा जन्म एसटीत गेला त्याला ते अंग वाचता येत होतं. गाडी डावीकडं वळली की माणूस उजवीकडं कलतो. लांब वळसा असला की लांब कलतो. सिग्नलला गाडी थांबली की खांदे सैल पडतात. मैनाबाई सोफ्यावर बसून दिवसभर वळत होत्या, थांबत होत्या, निघत होत्या. रात्री शहरातल्या गाड्या बंद झाल्या की त्या शांत झोपायच्या. पहाटे पहिली गाडी निघायच्या सुमाराला त्यांची पावलं पलंगावर बारीक थरथरायला लागायची, इंजिन चालू झाल्यावर पायाखालचा पत्रा थरथरतो तशी.

बोलणंही दूर जायला लागलं.

"मैना, चहा टाकू का?"

"आं? मोठ्यानं बोला. गाडीचा आवाज लय हाय."

त्या फ्लॅटमध्ये भिंतीवरच्या घड्याळाचाही आवाज नव्हता.

६

सहादूशेठांनी मनाशी सरळ हिशेब मांडला. रुमाल टाकला त्यांनी, म्हणून जागा धरली गेली. रुमाल वरच राहिला, म्हणून जागा सुटली नाही. तेव्हा रुमाल आणायचा. यात भूत नाही, देव नाही; विसरलेला माल परत आणायचा आहे. असं म्हटलं की त्यांच्या पायांत बळ यायचं.

हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर छत्र्या होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या, एक कवळीसुद्धा होती. रुमाल नव्हता. मग त्यांनी त्या नंबरच्या गाड्या धरल्या. सकाळी स्नेहाला सांगायचे, आईकडं लक्ष ठेव, आज घरूनच काम कर, आणि निघायचे. गाडीत चढायचं, वर जायचं, पुढची डावी सीट बघायची, पुढच्या थांब्याला उतरायचं, मागची गाडी धरायची. चिनी, मलय, तमिळ, सगळी माणसं कानात मोबाईलची बोंडं घालून बसलेली. एवढ्या गर्दीच्या शहरात, एवढ्या माणसांत, एका माणसाला विचारावं की तुम्ही एक बाई पाहिल्या का, हिरव्या लुगड्यातल्या, तर विचारायचं कुठल्या भाषेत? आणि घरी सोफ्यावर बसलेल्या बाईंचं काय सांगायचं?

एका टळटळीत दुपारी तो सापडला.

गाडी भरलेली होती. वरच्या मजल्यावरही सगळ्या जागा गेलेल्या, फक्त पुढच्या डाव्या दोन रिकाम्या. रुमाल चौकड्यांचा, तोच. पसरलेला, सुरकुती नाही. एक कोपरा सीटच्या फटीत खोचलेला. बाजारात बादल्यांखालचं फडकं वाऱ्यानं उडू नये म्हणून असाच कोपरा खोचायची सवय मैनाबाईंची. आणि तो खिडकीच्या जागेवर नव्हता. अलीकडच्या जागेवर होता. जिथं त्या दुपारी सहादूशेठ बसले होते तिथं.

पुढं कितीतरी महिने सहादूशेठ त्या एका क्षणाकडं परत परत जात राहिले. त्यांनी तेव्हा थांबायला पाहिजे होतं. जो माणूस गिऱ्हाइकाच्या चपलेवरून त्याची ऐपत ओळखतो, त्याला समोरचा रुमाल वाचता आला नाही. पण कित्येक दिवस हरवलेली वस्तू हाताशी आली की कोणताही व्यापारी जे करतो तेच त्यांनी केलं. झडप घालून रुमाल उचलला, खिशात कोंबला, घंटी दाबली आणि जिन्याकडं वळले.

जिन्यावर एक माणूस वर येत होता. अंग चोरून त्याला वाट दिली तेव्हा ओल्या गोणपाटासारखा वास आला. चेहरा पाहिला नाही. जिन्याच्या वळणावर एक छोटा पडदा होता. वर किती जागा आहे हे खालच्या लोकांना कळावं म्हणून कॅमेऱ्यातलं चित्र त्यावर दिसतं. सहादूशेठांची नजर सहज तिकडं गेली.

पुढच्या डाव्या सीटवर, रुमाल उचललेल्या जागी, तो माणूस बसत होता. त्याचे गुडघे खिडकीकडं वळलेले होते. आणि त्याच्या पलीकडं, काचेला लागून, पदर घेतलेलं एक डोकं होतं. ते वळून जिन्याकडं बघत होतं.

दार उघडलं. मागून लोक लोटले. पाय आधी उतरले, डोकं मागून. कार्ड लावल्याचंही त्यांना आठवत नाही.

७

"हे बघ," घरी येऊन त्यांनी रुमाल मैनाबाईंच्या मांडीवर ठेवला. आवाज उसना आणलेला. "आणला."

मैनाबाई सोफ्याच्या अगदी डाव्या टोकाला बसल्या होत्या. पदर अंगाभोवती घट्ट, उजवा हात पोटाशी धरलेला. त्यांनी रुमालाकडं पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"उचलला व्हय तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मी तुमच्यासाठी जागा धरली होती."

सहादूशेठ त्यांच्यासमोर फरशीवरच टेकले.

"जन्मभर तुम्ही धरली. मला वाटलं, एक डाव आपण धरावी." त्या आणखी डावीकडं सरकल्या. सोफ्यावर त्यांच्या उजवीकडं दोन माणसं बसतील एवढी जागा मोकळी होती. "आता तिथं दुसरंच कुणी बसलंय. लय लागून बसतंय हो."

परतीच्या दिवसापर्यंत सहादूशेठ त्या गाड्यांतून हिंडले. पुढची डावी जागा प्रत्येक वेळी भरलेली असायची. साधी माणसं, कोणी पेंगत असायचं, कोणी मोबाईल बघत असायचं. एकदाही ती रिकामी मिळाली नाही.

८

इंदिरानगरात परत आल्यावर लोकांना काही जाणवलं नाही. मैनाबाई स्वयंपाक करत होत्या, तुळशीला पाणी घालत होत्या. शेजारच्या नवसाबाई म्हणायच्या, "सिंगापूरचं पाणी लागलं मैनाला. आपल्याशी बोलायला आता कमीपणा वाटतो." गोळ्या चालू होत्या. उजवा हात पोटाशी असायचा, पण तो संधिवात आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मार्गशीर्षात सहादूशेठांनी एक गोष्ट करून बघायची ठरवली. घरची मोटार दारात असताना ते बाईंना घेऊन नाशिक रोडला गेले आणि तिथून पंचवटीकडं जाणारी सिटी बस धरली. पुढं चढून त्यांनी डावीकडची एक सीट गाठली, खिडकीच्या जागेवर रुमाल पसरला. मागून बाई आल्या, रुमाल उचलून त्यांच्या हातात दिला आणि खिडकीशी बसल्या. अगदी पूर्वीसारखं. सहादूशेठ शेजारी बसले.

गाडी निघाली. द्वारका चौकाकडं जाणारा रस्ता सरळ. गाडीतली सगळी माणसं सरळ बसलेली. मैनाबाई तेवढ्या हळूहळू उजवीकडं कलत गेल्या; लांब, लांब वळसा होता तो; मग सावरल्या.

"मैना," सहादूशेठ म्हणाले, "आज वाटेत बोलू. जे बोलायचं ते बोल."

मैनाबाईंनी अंग चोरलं. वळून न बघता, परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीनं म्हणाल्या, "दादा, जरा सरकून बसा. ही आमच्या मालकांची जागा हाय."

"अगं, मीच हाय."

"हां. पण येतील ते. रुमाल आणायला गेलेत."

त्या कोणाशी बोलत होत्या, त्यांच्याशी की तिकडं सिंगापूरच्या गाडीत शेजारी बसलेल्याशी, ते सहादूशेठांना कळलं नाही. ते उठले. हातातला रुमाल त्यांनी आपल्या जागेवर पसरला, एक कोपरा फटीत खोचला आणि वरचा दांडा धरून उभे राहिले.

उपनगरच्या थांब्याला गाडी भरली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला.

"काका, जागा हाय की. बसा ना."

"धरलेली हाय."

"कुणासाठी?"

सहादूशेठांनी तिकिटाचे पैसे पुढं केले. कंडक्टरनं रुमालाकडं पाहिलं, खांदे उडवले आणि पुढं गेला. कॉलेजची पोरं चढली, भाजीच्या पाट्या घेऊन बाया चढल्या. सगळे त्या जागेपाशी आले आणि पुढं सरकले. कोणी बसलं नाही.

मैनाबाईंनी उजवा हात पोटापासून सोडवला आणि रुमालावर ठेवला, तो उडू नये म्हणून. दर थांब्याला त्या मान वळवून दाराकडं बघत होत्या. सहादूशेठ मध्येच उभे होते. त्यांच्या बाजूनं वाकून मैनाबाई पलीकडं बघत होत्या, कोण चढतंय ते.